पाददाह : स्नेहनापूर्वी निदान

रात्री तळपायांची आग होते, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही, मुंग्या येतात आणि चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, ही तक्रार पुण्यातील प्रत्येक वैद्याच्या परिचयाची आहे. चरकाचार्यांनी हातापायांची सुप्तता व दाह यांची गणना प्रमेहाच्या पूर्वरूपांत केली. सुश्रुताचार्यांनी पाददाह व पादहर्ष वातव्याधींत वर्णिले. अशा रुग्णाची रक्तशर्करा प्रथम पाहावी, हे वैद्यवर्गास सांगणे नको. मात्र ती प्राकृत निघाली म्हणून शोध थांबू नये.

दुसरे कारण आपल्या ताटात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. शाकाहार हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण. मधुमेही दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेत असेल, तर ही उणीव वाढू शकते. हिमोग्लोबिन प्राकृत असतानाही ब-१२च्या अभावी मज्जातंतूंची हानी होते आणि विलंब झाल्यास ती पूर्णपणे भरून येत नाही. म्हणून ब-१२ची तपासणी करून घ्यावी व उणीव आढळल्यास ते जीवनसत्त्वच द्यावे लागते. काढ्याने त्याची जागा भरत नाही. त्वचेवर फिकट, बधिर चट्टा असल्यास कुष्ठरोगाचा विचार करून रुग्णास शासकीय आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथे बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो.

लक्षणांच्या उपशमासाठी काशाच्या वाटीने तूप लावून केलेला हलका पादाभ्यंग अथवा शतधौत घृताचा लेप अनेकांना सुखावह वाटतो. परंतु स्वेदनाबाबत सावध असावे. चरकाचार्यांनी मधुमेही रुग्णास अस्वेद्य म्हटले आहे आणि त्याचे मर्म येथे प्रत्यक्ष दिसते : बधिर तळव्याला चटका कळत नाही. गरम पाण्याची पिशवी, तापलेली वीट, उन्हात तापलेली देवळाची फरशी किंवा वारीतील अनवाणी वाटचाल यांमुळे व्रण होतो व रुग्णास तो उशिरा उमगतो. पाय रोज आरशात पाहणे, चप्पल घालण्यापूर्वी झटकणे आणि जखम झाल्यास त्याच दिवशी दाखवणे, एवढे पथ्य घरच्या मंडळींनाही समजावून द्यावे.

औषधविक्रेत्या बंधूंकडून दोन अपेक्षा. ‘नसांची गोळी’ म्हणून दिल्या जाणाऱ्या मिश्रणांतील ब-६ जीवनसत्त्व अधिक मात्रेत दीर्घकाळ पोटात गेल्यास त्यानेच बधिरता येते. शिसे, पारा व सोमल हेही मज्जातंतूंना घातक आहेत. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळले होते. तेव्हा ज्याच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव, परवाना व समूह क्रमांक नाही आणि ज्याचा तपासणी अहवाल मिळत नाही, असे रसौषध दुकानात ठेवू नये. ज्या रुग्णास आधीच पायांची बधिरता आहे, त्याच्या बाबतीत तर ही दक्षता चिकित्सेचाच भाग आहे.