जुन्या गाडीत पेट्रोलचा वास येतोय? आधी रबरी पाइप तपासा

जुनी गाडी म्हटलं की पेट्रोलचा थोडाफार वास यायचाच, असं अनेकांना वाटतं. पण गाडी फ्युएल इंजेक्शनची असेल, तर हा वास आगीची पहिली सूचना असू शकतो.

इंजेक्शनच्या गाडीत धोका जास्त का?

फोक्सवॅगन १६०० म्हणजेच 'टाइप ३' या गाडीचं उदाहरण घेऊ. १९६८च्या अमेरिकी मॉडेलमध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा होती. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब साधारण ०.२ ते ०.३ बार असतो. या यंत्रणेत तो सुमारे २ बार, म्हणजे जवळपास टायरमधल्या हवेइतका असतो. त्यामुळे पाइपला चीर गेली की पेट्रोल ठिबकत नाही, त्याचा फवारा उडतो, तोही गरम इंजिनावर.

पाइप खराब का होतो?

उष्णतेने रबर कडक होतं आणि तडकतं. पाइपवर कापडी वेष्टन असेल, तर ही चीर बाहेरून दिसतही नाही. शिवाय जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. भारतातल्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षं जुनी इंजेक्शनची गाडी वापरणाऱ्यांनीही पाइप तपासून घ्यावेत.

कोणता पाइप घ्यायचा?

पाइपवर 'एसएई जे३० आर९' असं छापलेलं पाहा. 'आर७' पाइप दिसायला तसाच आणि स्वस्त असतो, पण तो कमी दाबासाठी असतो. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडणारा पाइप मात्र 'आर१०' लागतो. क्लॅम्पही गुळगुळीत कडांचे घ्या. खाचांचे साधे क्लॅम्प रबर कापतात.

बदलताना काय काळजी घ्यायची?

- काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्या.
- इंजिन थंड असू द्या. काम मोकळ्या हवेत करा आणि अग्निशामक जवळ ठेवा.
- आधी लाइनमधला दाब उतरवा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.
- एकच पाइप गळत असला, तरी परतीच्या लाइनसह सगळे बदला. त्यांचं वय सारखंच असतं.
- इंजिन चालू करण्याआधी फक्त पंप चालवा आणि प्रत्येक जोड टिश्यू पेपरने पुसून पाहा. कागद ओला झाला, तर गळती अजून आहे.

आणि तोवर? वास येत असेल, तर गाडी चालवू नका.