गुच्छासाठी फुलांची पारख

साक्री तालुक्यात पांझरेकाठी वसलेल्या पिंपळनेरसारख्या गावी, गिऱ्हाइकाला आपल्या पसंतीची फुले वेचून स्वतःच गुच्छ रचण्याची मुभा देणारे दुकान कोणी मांडू म्हटले, तर त्याची सारी भिस्त मांडणीच्या चातुर्यापेक्षा फुले कोणत्या अवस्थेत खरेदी केली यावरच राहील.

गुलाब घ्यावा तो बाहेरच्या पाकळ्या नुकत्याच सैलावू लागलेला, परंतु मध्यभागी घट्ट असलेला. कारण पूर्ण विकसित गुलाब आज नेत्रसुखद वाटला तरी उद्या त्याला कोणी हात लावीत नाही. निशिगंध आणि ग्लॅडिओलस यांचे दांडे तळापासून शेंड्याकडे उमलत जातात. म्हणून निशिगंधाची खालची दोनतीन फुले उघडलेली, व ग्लॅडिओलसच्या खालच्या कळ्यांनी रंग दाखविलेला, एवढे पुरे. जरबेरा आणि झेंडू मात्र पूर्ण फुललेलेच घ्यावेत. देठ ताठ असावा. तो बुळबुळीत लागला, तर विक्रेत्याच्या आर्जवांना भुलू नये.

खानदेश हा केळीचा मुलूख असल्यामुळे एक खबरदारी अगत्याची आहे: पिकत्या केळ्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कार्नेशनसारखी नाजूक फुले अकालीच मिटतात, सबब फुलांची बादली फळांच्या शेजारी ठेवू नये.

दुकानी आणताच देठ तिरपे छाटून, पाण्यात बुडणारी पाने काढून, स्वच्छ पाण्यात ठेवण्याची तजवीज करावी. वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेव्हा दिवसभरात खपेल इतकाच माल घ्यावा.