मधुमेह आणि सायनसमधील बुरशीसंसर्ग

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेबरोबर ‘काळी बुरशी’ हे नाव घरोघरी पोहोचले. त्या वर्षी जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्र व गुजरातमध्ये त्यांची संख्या सर्वाधिक होती. तथापि म्युकरमायकोसिस हा आजार नवा नाही. कोविडपूर्वीही भारतात तो मुख्यतः अनियंत्रित मधुमेहाच्या रुग्णांत आढळत असे.

या आजारास कारणीभूत असणारी रायझोपससारखी बुरशी मातीत, कुजणाऱ्या पाल्यात आणि शिळ्या पावावर वाढते. तिचे सूक्ष्म बीजाणू श्वासावाटे सर्वांच्याच नाकात जातात. निरोगी शरीरातील पांढऱ्या पेशी त्यांचा नाश करतात. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास या पेशी दुबळ्या होतात. त्यातच कीटोअ‍ॅसिडोसिस झाला, म्हणजे रक्ताची आम्लता वाढली, तर प्रथिनांशी बांधलेले लोह मोकळे होते आणि बुरशीच्या वाढीला तेच हवे असते. स्टिरॉइडमुळे साखर वाढते व प्रतिकारशक्तीही घटते. म्हणून कोविडच्या काळात धोका दुणावला.

ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते व तेथे रक्ताच्या गुठळ्या होतात. रक्तपुरवठा तुटलेला भाग मरतो आणि काळा पडतो. म्हणजेच रुग्णाच्या नाकात वा टाळूवर दिसणारा काळेपणा हा मृत ऊतींचा असतो आणि तो उशिरा दिसतो. तोवर संसर्ग सायनसमधून डोळ्याकडे, तेथून मेंदूकडे सरकलेला असू शकतो.

म्हणून आधीची लक्षणे ओळखणे महत्त्वाचे ठरते : एकाच बाजूचे नाक चोंदणे, गाल दुखणे किंवा बधिर होणे, नाकातून रक्तमिश्रित स्राव, दात हलणे, डोळ्याला सूज, एकाचे दोन दिसणे. मधुमेही व्यक्तीत ही लक्षणे ‘साधी सर्दी’ समजून दुर्लक्षित करू नयेत; त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

निदानासाठी दुर्बिणीद्वारे नाकाची तपासणी करून ऊतींचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मृत भाग शस्त्रक्रियेने काढणे, अँफोटेरिसिन-बी हे औषध शिरेतून देणे आणि साखर नियंत्रणात आणणे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात. जीवाणूंवरील प्रतिजैविके येथे निरुपयोगी ठरतात.

हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे रुग्णाला दूर ठेवण्याचे कारण नाही. साखरेची नियमित तपासणी करणे आणि इन्सुलिन मनाने बंद न करणे, हाच त्यावरील खरा प्रतिबंध होय.