जन्मसमूह अध्ययन

जन्मसमूह अध्ययन : विशिष्ट काळात व प्रदेशात जन्मलेल्या मुलांची नोंद करून त्याच व्यक्तींची प्रौढपणापर्यंत ठराविक अंतराने आरोग्यतपासणी करण्याची रोगपरिस्थितिविज्ञानातील पद्धती. निरनिराळ्या वयांच्या लोकांची एकदाच पाहणी केल्यास रोगाचे प्रमाण कळते. त्याचा उगम केव्हा झाला, हे मात्र त्याच व्यक्तींचा मागोवा घेतल्यानेच उमगते. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ मधील एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचे असे अध्ययन सुरू झाले. भारतात दिल्ली येथे १९६९–७२ या काळात जन्मलेल्यांचा मागोवा घेण्यात आला.

महाराष्ट्रात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत असे अध्ययन हाती घेतले. गर्भधारणेपूर्वीच स्त्रियांची मोजमापे घेण्यात आली, हे त्याचे वैशिष्ट्य होय. तेथील अर्भकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ. भरले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील अर्भकांचे सु. ३·५ किग्रॅ. होते. पुण्याकडील अर्भकांचे स्नायू व उदरातील इंद्रिये लहान होती; त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने फारसा घटलेला नव्हता. ज्या मातांच्या रक्तात ब१२ जीवनसत्त्व कमी व फॉलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनाला होणारा रोध सर्वाधिक आढळला. अठराव्या वर्षी सु. ३७% मुलगे व १८% मुली यांच्या रक्तात उपाशीपोटी ग्लुकोजाचे प्रमाण वाढलेले होते. यांतील बहुतेक तरुण सडपातळ होते. ज्यांच्यात हा दोष दिसला, त्यांचे ग्लुकोज सहाव्या व बाराव्या वर्षीही इतरांहून अधिक होते. कृशता म्हणजे मधुमेहापासून संरक्षण नव्हे, हे यावरून स्पष्ट झाले.

वऱ्हाडाच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटातील धारणी हे १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेच्या पहिल्या ३३ प्रकल्पांपैकी एक होते. कुपोषणाने होणाऱ्या बालमृत्यूंमुळे १९९० नंतरच्या दशकात मेळघाटाकडे सर्व राज्याचे लक्ष वेधले गेले. अंगणवाडीतील वजनाची नोंद सहाव्या वर्षी थांबते. बालक जगले, की प्रश्न सुटला, असे मानले जाते. पण अल्पपोषणाचे परिणाम पुढे तारुण्यात प्रकट होऊ शकतात.

दीर्घ कालावधी, खर्च, स्थलांतर व विवाहानंतर मुलींचे गावांतर या पद्धतीच्या मुख्य अडचणी होत.