फवारणी व आंतरमशागतीसाठी ट्रॅक्टरच्या टायरची निवड

उभ्या पिकात ट्रॅक्टरने फवारणी किंवा कोळपणी करताना टायर योग्य नसल्यास झाडे मोडतात व ओळींमधील जमीन दाबली जाते. म्हणून टायर निवडताना प्रथम पिकाच्या दोन ओळींतील अंतर पाहावे.

सोयाबीनची पेरणी साधारणतः ४५ सें.मी. अंतरावर करतात. १२.४-२८ या टायरची रुंदी १२.४ इंच, म्हणजे सुमारे ३१ सें.मी. असते. चाक ओळींच्या मधोमध चालले तरी प्रत्येक बाजूस जेमतेम ७ सें.मी. जागा उरते. ८.३ इंची (सुमारे २१ सें.मी.) टायर वापरल्यास १२ सें.मी. जागा मिळते. मात्र त्यास त्याच मापाची रिंग लागते. दोन्ही चाकांच्या मध्यांतील अंतर ओळींच्या अंतराच्या पटीत, येथे १३५ सें.मी., ठेवावे.

अरुंद टायर जमिनीवर कमी जागेत टेकतो, त्यामुळे तेवढ्याच वजनाने जमीन अधिक दबते. टाकीतील ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो जादा भार होय. म्हणून टायरची भारक्षमता टाकी भरलेली धरून तपासावी. काळ्या जमिनीत वाफसा आल्यावरच यंत्र न्यावे.

हवा टायर थंड असताना, उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे भरावी. दोन्ही चाकांत दाब समान नसल्यास फवारणीचा बूम एका बाजूस झुकतो व फवारा असमान पडतो.

टायरचा व्यास बदलल्यास त्याच गिअरमध्ये ट्रॅक्टरचा वेग बदलतो आणि एकरी पडणारे औषधही कमी-जास्त होते. म्हणून टायर बदलल्यावर ५० मीटर अंतरास लागणारा वेळ मोजावा व साध्या पाण्याने फवारणीचे प्रमाण पुन्हा ठरवून घ्यावे.