कापसाच्या गाठीवरचा क्यूआर कोड: जिनिंगवाल्यांनी सुरुवात कुठून करावी?

बीड जिल्ह्यात गेवराई, माजलगाव, धारूर या भागात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आहेत. इथे सरकी वेगळी होते आणि रुईची साधारण १७० किलोची गाठ बांधली जाते. ‘कस्तुरी कॉटन भारत’ या उपक्रमात अशा प्रत्येक गाठीला क्यूआर कोड मिळतो. तो स्कॅन केला की गाठ कुठे तयार झाली ते कळतं. ही नोंद ब्लॉकचेनवर असते, म्हणजे नंतर कुणाला गुपचूप बदलता येत नाही.

पण मित्रांनो, ब्लॉकचेन नोंद फक्त जपतं. ती खरी आहे का, हे त्याला कळत नाही. पहिल्या वेचणीचा कापूस आणि फरदड एकाच ढिगात पडले, तर कोड लावून काय उपयोग?

म्हणून मी म्हणेन, महागडं सॉफ्टवेअर नंतर घ्या. आधी वजनकाट्यावरच प्रत्येक गाडीला लॉट नंबर द्या, ओलावा मोजून लिहा, ढीग वेगळे ठेवा. सुरुवातीला साधी एक्सेल शीटही चालते. उद्या सूतगिरणीने चार गाठींबद्दल तक्रार केली, तर त्या कोणत्या ढिगाच्या हे दाखवता येईल. नोंदच नसेल, तर अख्ख्या ट्रकचा भाव पडू शकतो.