जळक्या ग्रीसची सायकल

साताऱ्यात अण्णांच्या सायकल दुकानात परवा बाप-लेक आले होते. मुलाची दहावी झालेली, त्याची नजर छताला टांगलेल्या सायकलींवर. "एमटीबी दाखवा," वडील म्हणाले आणि लगेच विचारलं, "गिअर किती येतात?" मुलाची अट वेगळी होती. शॉकअप दोन्हीकडे पाहिजेत, पुढे चिमट्यालाही आणि सीटखालीही. अण्णांनी दोघांनाही उत्तर दिलं नाही. एक सायकल खाली उतरवली, स्टँडवर न लावता तशीच मुलाच्या हातात दिली आणि म्हणाले, "ब्रेक दाब. चारी बोटांनी नको, एका बोटानं दाब."

या दुकानात बाकड्यावर बसून मी बरीच वर्षं चहा पीत आलोय. गिऱ्हाईक आधी गिअर मोजतं, मग शॉकअप बघतं, मग रंग. ब्रेकचा नंबर शेवटी आणि टायरकडे तर कुणी ढुंकून बघत नाही. अण्णांचा क्रम उलट्या टोकापासून सुरू होतो. एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, कुठे जन्मली हे त्यांना ठाऊक नाही, विचारलं तर "लुधियाना" म्हणतील. पण ही सायकल घडली तीही अण्णांच्याच क्रमाने. आधी टायर, मग ब्रेक, मग गिअर, आणि शॉकअप सगळ्यांत शेवटी.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे आणि तिथे माउंट टॅमलपाइस नावाचा डोंगर. उंची ७८४ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापुढे ठेंगणाच. सत्तरच्या दशकात त्या भागातली काही पोरं भंगारातून जुन्या श्विन सायकली उचलून आणायची. श्विन ही शिकागोची कंपनी. तिने १९३३मध्ये सव्वीस इंची चाकाला २.१२५ इंच रुंदीचा फुगीर टायर बसवून सायकल काढली होती. ती घरोघरी पेपर टाकणाऱ्या मुलांच्या कामाची. डोंगराशी तिचा काही संबंध नव्हता. पण तो जाड टायर दगडावर आदळला तरी टिकायचा आणि फ्रेम म्हणजे नुसतं लोखंड. मडगार्ड, कॅरिअर, घंटी सगळं काढून टाकायचं, कुणाच्या तरी ट्रकमध्ये घालून सायकल वर न्यायची आणि वणवा विझवायला काढलेल्या कच्च्या रस्त्याने खाली सुटायचं. या खटाऱ्यांना ते 'क्लंकर' म्हणत. अंगात जीन्स, पायात जड बूट, हातात मजुराचे हातमोजे. डोक्यावर बहुतेकांच्या फक्त केस.

फेअरफॅक्स गावाजवळच्या अशाच एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली शर्यत झाली. जेमतेम तीन किलोमीटरच्या वाटेत सुमारे चारशे मीटर उतार. या पोरांपैकीच चार्ली केली हातात घड्याळ घेऊन स्पर्धकांना एकेक करून सोडायचा. त्यांच्यातल्याच गॅरी फिशरने पुढे हे अंतर चार मिनिटं बावीस सेकंदांत कापलं, तो विक्रम. जुन्या श्विनचा ब्रेक मागच्या हबमध्येच असायचा, पायडल उलटं मारलं की लागणारा. एवढ्या उतारावर तो सतत दाबून ठेवायचा म्हणजे हब चुलीसारखा तापणार. खाली पोचेपर्यंत आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. पुढच्या फेरीआधी हब खोलायचा आणि नवं ग्रीस भरायचं. इंग्रजीत याला म्हणतात 'रिपॅक'. शर्यतीलाही तेच नाव पडलं.

अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते ओव्हरहॉलिंगला आलेल्या एका सायकलीचे छर्रे रॉकेलच्या वाटीत धूत होते. काळंमिट्ट रॉकेल, तळाला छर्रे. "पाच मिनटांत ग्रीस जळलं?" त्यांनी विचारलं. बाकीच्या इतिहासात त्यांना रस नव्हता.

जळणाऱ्या हबला कंटाळून या मंडळींनी मोटारसायकलचे ब्रेक लिव्हर आणि ड्रम ब्रेक बसवले. फिशरने डोंगर चढून जाता यावं म्हणून गिअर लावले. मग याच टोळीतल्या जो ब्रीझने १९७७मध्ये क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या जोडून डोंगरासाठीच अशी फ्रेम बनवली. ती पहिली 'ब्रीझर' आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९७९मध्ये फिशर आणि केली यांनी 'माउंटनबाइक्स' या नावाने धंदा सुरू केला, फ्रेम टॉम रिची बनवायचा. १९८१मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टम्पजम्पर' आली, ७५० डॉलरला. कारखान्यातून घाऊक निघालेली ही पहिली मोठी डोंगरी सायकल, आणि तिच्या पुढच्या चिमट्याला स्प्रिंगचा पत्ता नव्हता. रॉकशॉक्सचा पहिला चिमटा बाजारात यायला १९८९ उजाडलं. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलींचा खेळ पोचला.

आपल्याकडे डोंगरी सायकल आली नव्वदच्या दशकात, पण रूप घेऊन आली, गुण मागेच राहिले. जाड टायर, सरळ हँडल, भडक रंग. 'रेंजर' हे एका मॉडेलचं नाव. गावोगावी अशा प्रत्येक सायकलीला तेच चिकटलं. आमच्या शाळेत रेंजर असणं ही मोठी गोष्ट होती. ती जड होती आणि पावसात तिचे ब्रेक लागत नसत.

माझी स्वतःची पहिली 'दोन्हीकडे शॉकअप'वाली सायकल मी अण्णांकडून घेतली नव्हती, हे आत्ताच सांगून टाकतो. वजन अठरा किलो. कासच्या बाजूने खाली वाडीकडे जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटेवर मी ती घातली. सीटखालची स्प्रिंग चढाला पायडलची निम्मी ताकद खायची आणि उताराला उड्या मारायची. तारेचे स्वस्त डिस्कब्रेक. निम्म्या उतारावर लिव्हर मुठीला टेकायला लागले, पंजे आखडले, आणि समोर घसारा. करवंदीच्या जाळीने झेललं म्हणून दात शाबूत राहिले. काटे काढायला बायकोला संध्याकाळ लागली. तिने एकेक काटा काढताना सायकलीची किंमत विचारली.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. ज्याच्या खिशात लाखभर रुपये नाहीत त्याने मागच्या शॉकअपच्या वाटेला जाऊ नये. चांगलं मागचं सस्पेन्शन म्हणजे सांधे, बेअरिंग, हवेचा आणि तेलाचा दाब यांचं नाजूक गणित. ते स्वस्तात होत नाही. त्याच पैशात फक्त पुढे शॉकअप असलेली, मागून ताठ सायकल कितीतरी बरी मिळते. पुढचा शॉकअप १०० ते १२० मिलिमीटर दबणारा असला तर सह्याद्रीतल्या बहुतेक वाटांना पुरतो. तुम्ही सीटवर बसलात की त्यातला पाचवा ते चौथा हिस्सा नुसत्या वजनाने दबला पाहिजे. दुकानात हाताने दाबून काही कळत नाही.

गिअर मोजणाऱ्यांना अण्णा एकच प्रश्न विचारतात, "मागं फ्रीव्हील आहे का कॅसेट, ते बघितलं?" पुढे तीन चकत्या आणि मागे सात मिळून एकवीस गिअर होतात खरे, पण त्यातले बरेच एकमेकांची नक्कल असतात. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसतं, त्यामुळे त्या बाजूचे छर्रे बरेच आत राहतात आणि एक्सलचा लांब तुकडा आधाराविना उरतो. खड्ड्यात आपटून तो वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग बाहेरच्या टोकाला येतं, एक्सल टिकतो. हल्ली चांगल्या सायकलींना पुढे एकच चकती असते आणि मागे बारा. त्यातली सगळ्यांत मोठी ५१ दातांची, पातळ भाकरीएवढी. बारा गिअर एकवीसपेक्षा जास्त कसे, हे बापांना पटवणं मात्र अवघड आहे.

ब्रेकमध्ये तेलाच्या दाबावर चालणारा, म्हणजे हायड्रॉलिक डिस्क परवडत असेल तर तो घ्यावा. एक बोट ब्रेकवर आणि बाकीची हँडलवर राहतात. घसाऱ्यावर हँडल सुटलं की खेळ खलास. तो परवडत नसेल तर भिकार डिस्कपेक्षा रिमला लागणारा चांगला व्ही-ब्रेक बरा. पावसाळी चिखलात तो रबर खातो, पण निदान खरं बोलतो. आणखी एक, आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या मुठीला असतो, अमेरिकन जोडणीत डाव्या. परदेशातून आणलेली किंवा कुणाची वापरलेली सायकल घेतली तर आधी सपाटीवर दाबून बघा. आणि डिस्कला तेलकट बोट लागू देऊ नका. दसऱ्याला हळदकुंकू हँडलला लावा, झेंडूची माळ घाला, पण पोऱ्याने तेलाच्या फडक्याने डिस्क चकचकीत केली की पॅडमध्ये तेल मुरतं. मग ब्रेक किंचाळतो आणि लागत नाही.

चाकाचे आकार तीन. सव्वीस इंची आता मागे पडलं. साडेसत्तावीस आणि एकोणतीस चालतात. एकोणतिसाचं चाक दगडावरून सहज चढून जातं, बुटक्या माणसाला साडेसत्तावीस वळवायला सोपं. घरच्या जुन्या लेडीज सायकलीचा टायरही सव्वीसच लिहिलेला असतो, पण तो ५९० मिलिमीटरच्या रिमचा, आणि डोंगरी सव्वीस ५५९चा. या गोंधळात कित्येकजण टायर घेऊन घरी जातात आणि परत येतात. खरा आकडा टायरच्या कडेला बारीक अक्षरात छापलेला असतो.

फ्रेमचं माप गणवेशासारखं 'पुढच्या वर्षी पण होईल' म्हणून मोठं घेऊ नये. आडवी दांडी दोन्ही पायांमध्ये घेऊन जमिनीवर उभं राहिलं की मध्ये दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. का, ते पहिल्यांदा घसरून दांडीवर आपटल्यावर समजतं.

अंगावरच्या सामानात हेल्मेटवर कंजुषी नको. आत असतो तो थर्मोकोलच, फक्त घट्ट दाबलेला. आदळल्यावर तो चेपतो आणि डोकं वाचवतो. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद. डोंगरी हेल्मेट मानेकडे जास्त खाली उतरतं. आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी असा शिक्का शोधा. भुवईच्या वर दोन बोटं, हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट, असं ते बसायला हवं. टोपीसारखं मागे सरकवून घालणारे फोटोत छान दिसतात.

पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून हातमोजे. मग गुडघ्याचे पॅड. बूट सपाट, कडक तळव्याचे. पळायच्या बुटांचा मऊ तळवा पायडलवर वळतो. गादीवाल्या हाफपँटच्या आत काही घालायचं नसतं. हे दुकानात कुणी सांगत नाही, आणि लोक घरी जाऊन दुप्पट शिवणी घालून बसतात.

पंक्चरचं म्हणाल तर बाभळीचा काटा आणि सराटा यांना तोड नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागातले सायकलवालेही याच सराट्याच्या नावाने बोटं मोडतात, वनस्पती अगदी तीच. त्यावर उपाय म्हणजे ट्यूब काढून टायरमध्ये रबराच्या चिकासारखं द्रव घालायचं. काटा गेला की भोक तिथल्या तिथे बुजतं. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, पुन्हा भरावं लागतं. तरीही पिशवीत एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, हातपंप आणि एलन की असायलाच हव्यात. वाडीत पंक्चरवाला नसतो.

वाटांचं भांडण मात्र मरीनमध्येही झालं आणि इथेही होतंय. टॅमलपाइसवर सायकलींना ताशी पंधरा मैलांची मर्यादा आली, पायवाटा बंद झाल्या, पहारेकरी रडार घेऊन उभे राहिले. चालणाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. आमच्या कासच्या फुलांच्या सड्यावर तर मातीचा थर बोटभर असतो. ओल्या मातीत टायरची रेघ उठली की तिच्यातून पाणी वाहतं आणि माती घेऊन जातं. बैलगाडीच्या वाटा पुष्कळ आहेत. फुलांवरून जायचं काही कारण नाही.

त्या मुलाने शेवटी पुढे शॉकअप असलेली निळी सायकल घेतली. मागच्या स्प्रिंगचं दुःख चेहऱ्यावर होतं, पण ब्रेक तो पुन्हा पुन्हा एका बोटाने दाबून बघत होता. शेजारच्या पंक्चरवाल्याकडून पोऱ्याने कॉम्प्रेसरने हवा भरून आणली होती, टायर दगडासारखे टणक. अण्णांनी अंगठ्याने टायर दाबला, तो दबला नाही. मग वाकून टोपण काढलं, व्हॉल्व्हच्या पिनवर नख टेकवलं आणि हवा सोडायला सुरुवात केली.

"अहो अण्णा, नवीन सायकल आहे," वडील कळवळून म्हणाले, "भरलेली हवा कशाला सोडताय?"

अण्णा फुस्स आवाज ऐकत राहिले. टायर अंगठ्याखाली थोडा दबला तेव्हा त्यांनी टोपण लावलं आणि मागच्या चाकाकडे वळले.